रक्तातले एक अक्षर



सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आश्रमशाळांतून शिकवणाऱ्या गुरुजींना एक मूल हमखास ओळखीचे असेल. थंडीच्या दिवसांत प्रार्थनेच्या रांगेत ते मागे राहते. "गुरुजी, हातपाय ठणकतात," म्हणते. डोळ्यांत किंचित पिवळेपणा असतो. कवायतीच्या तासाला ते झाडाखाली बसून राहते, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे दर महिन्याला दोनचार दिवस गैरहजेरी लागते. शाळेत त्याला आळशी म्हणतात. पाड्यावर म्हणतात, बाहेरची बाधा असेल, भगताला दाखवा. बाजारच्या दिवशी भेटलेला कोणी जाणता सांगतो, कावीळ आहे, गळ्यात माळ बांधा. मूल मात्र ठणकतच राहते.

अशा मुलांपैकी काहींच्या रक्तात एका अक्षराचा फरक असतो. आजच्या भाषणात त्या एका अक्षराची हकिकत सांगायची आहे. ते कुठून आले, आपल्या भिल्ल आणि पावरा बांधवांत ते इतके का आढळते, आणि त्याचे करायचे काय, हे समजून घेऊ.

आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत एक पोथी असते. तिला शास्त्रज्ञ डीएनए म्हणतात. ही पोथी अवघ्या चार अक्षरांत लिहिलेली आहे; पण अक्षरांची संख्या सुमारे तीनशे कोटी. त्यातला अर्धा वारसा आईकडून येतो, अर्धा बापाकडून. या पोथीतले एकेक प्रकरण म्हणजे एकेक जनुक. रक्त कसे बनवायचे, हाड कसे वाढवायचे, डोळ्याचा रंग कोणता ठेवायचा, हे सारे त्यात लिहिलेले असते.

आता पाहा, पेशीची दोन शकले होताना ही सबंध पोथी नव्याने उतरून काढावी लागते. नकल करताना लेखनिकाच्या हातून चूक होणारच. शिवाय उन्हाने, तंबाखूच्या धुराने, किंबहुना पेशीतल्या नुसत्या पाण्यानेसुद्धा अक्षरे खराब होतात. एकेका पेशीत दररोज अशी हजारो अक्षरे बिघडतात. मग आपण जगतो तरी कसे?

भुसावळकरांना याचे उत्तर समजायला वेळ लागणार नाही. रेल्वेच्या रुळावरून खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज चालत जाणारा कीमन तुम्ही पाहिला असेल. आपल्या वाट्याच्या पट्ट्यात कुठे चावी सैल झाली, कुठे फिशप्लेटचा बोल्ट निसटला, हे तो पाहतो आणि जागच्या जागी ठोकून नीट करतो. गाडीतल्या प्रवाशाला त्याचे नावही ठाऊक नसते. पण त्याच्या भरवशावर पंजाब मेल धडधडत जाते. पेशीतही असे कीमन आहेत. ते पोथीवरून सतत फिरतात, बिघडलेले अक्षर काढतात आणि समोरच्या धाग्याकडे पाहून बरोबर अक्षर बसवतात. हे काम कसे चालते हे उलगडल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार या तिघा शास्त्रज्ञांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इतका कडक पहारा असूनही काही चुका निसटतात. जन्माला येणाऱ्या प्रत्येक मुलात साठसत्तर अक्षरे अशी असतात, की जी आईच्याही पोथीत नव्हती आणि बापाच्याही नव्हती. हे तुमच्या-माझ्या मुलाबाळांना, राजाला आणि रंकाला सारखेच लागू आहे. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. क्वचित एखादी चूक मोक्याच्या जागी पडते.

सिकलसेलची चूक अशी मोक्याच्या जागी पडलेली आहे. आपल्या रक्ताला तांबडा रंग देणारे आणि फुप्फुसातून प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्यात दोन प्रकारच्या माळा असतात. त्यांतल्या बीटा नावाच्या माळेत १४६ मणी. पोथीतल्या एका अक्षराच्या जागी दुसरे आले, आणि माळेतला सहावा मणी बदलला. १४६ पैकी फक्त एक! पण त्या एका मण्यामुळे प्राणवायू सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब काड्या बनतात, आणि एरवी मऊ, वाटोळी असणारी रक्तपेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकडी होते. वाटोळ्या पेशी बारीक नळीतून घरंगळत जातात. विळे एकमेकांत अडकतात. जिथे अडकले तिथे रक्त पोचत नाही, आणि मग तो जीवघेणा ठणका लागतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. विळ्याच्या आकाराची दहावीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे, म्हणून ते मूल कवायतीत दमते.

मग पेशीतले कीमन हे अक्षर दुरुस्त का करीत नाहीत, असे कोणी विचारील. कीमन सैल चावी ओळखतो. पण रूळ घट्ट आहे, चाव्या पक्क्या आहेत, आणि लाईन मात्र पूर्वीच भलत्या गावाकडे टाकलेली आहे, तर त्याला दोष दिसणार कसा? हे अक्षर पोथीच्या दोन्ही धाग्यांत एकमेकांशी जुळून बसलेले आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्याची इमानाने नकल होत आली आहे.

या विळ्यासारख्या पेशींची नोंद शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने १९१० साली प्रथम प्रसिद्ध केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे १९५६-५७ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी तो एकच बदललेला मणी शोधून काढला. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींत हा गुण आढळला. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध केली. आणि महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत डॉ. सुदाम काटे यांनी अनेक वर्षे पाडे पालथे घालून रक्त तपासले. त्या कामासाठी २०१९ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. काटे आणि लिंगोजवार यांनी २००२ साली जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात राज्यातील आदिवासी समूहांत सरासरी शंभरांत दहा माणसे या अक्षराची वाहक असल्याचे म्हटले आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही समूहांत हे प्रमाण शंभरांत वीस ते पस्तीसपर्यंत जाते. म्हणजे चोपडा, यावल, रावेरपासून पश्चिमेला शिरपूर, धडगाव, अक्कलकुव्यापर्यंत सातपुड्याची जी रांग आहे, तिच्या कुशीतल्या घराघरांचा हा प्रश्न आहे. विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि इतर समाजांतही आहे. तेव्हा ही केवळ डोंगरातल्या माणसांची गोष्ट समजून कोणी निर्धास्त राहू नये.

पण इतके त्रासदायक अक्षर टिकले कसे? वाईट बियाणे शेतकरी ठेवीत नाही, मग निसर्गाने का ठेवले? याचे उत्तर हिवतापात आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत केलेल्या पाहणीवरून दाखवले, की ज्याच्याकडे हे अक्षर एकाच बाजूने, म्हणजे फक्त आईकडून किंवा फक्त बापाकडून आले आहे, त्याला हिवतापाचा जीवघेणा झटका सहसा येत नाही. पूर्वी रानावनांत हिवतापाने घरेच्या घरे बसत. अशा काळात वाहक मुले वाचली, वाढली, त्यांना मुले झाली. ज्यांच्याजवळ हे अक्षर नव्हते, त्यांतली कित्येक मुले तापाने गेली. आपल्या पूर्वजांनी डोंगरात, दऱ्याखोऱ्यांत राहून ज्या रोगाशी झुंज दिली, तिची ही खूण आहे. दोन्ही बाजूंनी अक्षर आलेल्या लेकरांनी मात्र त्या झुंजीची किंमत मोजली, आणि अजून मोजत आहेत.

केळीच्या बागायतदाराला यातला एक मुद्दा लगेच पटेल. केळीची लागवड आपण कंदाने करतो, किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांनी. बागेतले प्रत्येक झाड दुसऱ्याची हुबेहूब नकल असते. म्हणून करपा आला, की एका झाडाला लागतो आणि दुसऱ्याला सोडतो असे होत नाही. सारी बाग धोक्यात येते. माणसांत तसे नसते. माणसामाणसांतले फरक हे समाजाचे बळही असते. फक्त कोणता फरक कुठे उपयोगी आणि कुठे घातक, हे ओळखावे लागते.

जगात इतरत्रही असेच घडले आहे. अमेरिकेत नॅव्हाहो आणि अपाची नावाचे मूळ रहिवासी आहेत. त्यांच्या भाषेचे नाते दूर उत्तरेकडे, कॅनडातल्या देने लोकांच्या भाषेशी आहे. या लोकांत काही बालके रोगाशी लढण्याची शक्तीच नसलेली जन्मत आणि वर्षभराच्या आत दगावत. नॅव्हाहो लोकांत सुमारे दोन हजार जन्मांमागे असे एक बालक असते. २००२ साली कारण सापडले. आर्टेमिस नावाच्या जनुकात एक अक्षर बदललेले होते, आणि हे जनुक खुद्द दुरुस्ती करणाऱ्या कीमनचेच होते! पोथीचा धागा तुटला तर जोडणे हे त्याचे काम. रोगप्रतिकारक पेशी घडताना पोथीचे तुकडे मुद्दाम तोडून नव्याने जोडले जातात. जोडणाराच नसेल तर त्या पेशी घडणार कुठून? थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या, आपसांतच सोयरीक करणाऱ्या समाजात असे एखादे अक्षर पुष्कळांच्या वाट्याला येते. आता तिथे नवजात बालकाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ही तपासणी होते. २०१८ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत ती सुरू झाली. बालक आजारी पडण्याआधीच कळते, आणि अस्थिमज्जा बदलून त्याला वाचवता येते. २०२२ च्या डिसेंबरात अशा दहा बालकांवर जनुकोपचार केल्याचा अहवालही प्रसिद्ध झाला. वेळेवर कळणे हा तिथे जीवनमरणाचा प्रश्न ठरला. आपल्याकडेही तो तसाच आहे.

आता हिशेबाची गोष्ट. गुरुजींनी हा हिशेब वरच्या वर्गांना फळ्यावर जरूर समजावून द्यावा. ज्याच्याकडे हे अक्षर एकाच बाजूने आले, तो वाहक. तो रोगी नव्हे. तो शेतात राबतो, ऊस तोडतो, पोलिसात भरती होतो. त्याला सहसा काही त्रास नसतो. दोन्ही बाजूंनी आले, तर तो रोगी. वाहकाचे लग्न अक्षर नसलेल्या व्यक्तीशी झाले, तर सिकलसेलचे मूल होत नाही. मुले वाहक होण्याचा संभव मात्र निम्मा असतो. नवराबायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला चार भागांपैकी एक भाग रोगी मुलाचा, दोन भाग वाहकाचे आणि एक भाग पूर्ण निर्दोष मुलाचा. प्रत्येक खेपेला, हे ध्यानात ठेवा. पहिले मूल रोगी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही. दर वेळी चिठ्ठी नव्याने उचलावी लागते.

आणि आणखी एक सांगतो. रोगी मूल झाले, की पुष्कळ घरांत सुनेला बोल लागतो. हा शुद्ध अन्याय आहे. एक अक्षर आईचे असेल, तर दुसरे बापाचे असते. नाही तर मूल रोगी झालेच नसते. दोघांचा वाटा अगदी सारखा. ज्या सासूने सुनेला बोल लावला, तिच्या मुलाच्या रक्तातही तेच अक्षर असते.

आपण सोयरीक करताना कुळ पाहतो. एका कुळात लग्न करीत नाही. या जुन्या रीतीला आता एका कार्डाची जोड द्यायची आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिने ठरवलेले काम, आणि २०४७ पर्यंत हा रोग हटवण्याचे उद्दिष्ट. बोटातून रक्ताचा थेंब घेतात. पहिल्या चाचणीत संशय आला, तर दुसरी चाचणी करून वाहक की रोगी हे ठरवतात. तपासलेल्याला कार्ड मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावच्या आशाताईकडे विचारा. दोन घरांची बोलणी पक्की होण्याआधी दोन कार्डे समोर ठेवली, तर पुढचे कितीतरी अश्रू वाचतील. लग्न आधीच झाले असेल, तरी हताश होऊ नका. दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयांतून होऊ शकते.

ज्या मुलाला रोग आहे, त्याच्यासाठी काय करायचे? चार साध्या गोष्टी सांगतो. एक, त्याला पाणी भरपूर पाजा. वर्गात बाटली जवळ ठेवू द्या, आणि लघवीला जायला मागितले तर अडवू नका. दोन, थंडीवाऱ्यात, पहाटेच्या गार पाण्याच्या आंघोळीला, उपाशीपोटी धावायला त्याला लावू नका. तीन, ताप आला, छाती दुखू लागली, श्वास लागला, पोटाच्या डाव्या बाजूला पाणथरी फुगली, किंवा तोंड वाकडे होऊन हातपाय लुळा पडला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. चार, फॉलिक ॲसिडची गोळी आणि डॉक्टरांनी दिले असेल तर हायड्रॉक्सियुरिया हे औषध नेमाने चालू ठेवा. ठणका थांबला म्हणून औषध बंद करू नका. रक्त कमी दिसते म्हणून लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत. हिवतापापासूनही या मुलांना जपा. वाहकाला जी ढाल मिळाली, ती रोग्याला मिळत नाही. हिवताप त्याला फार महागात पडतो.

रोजगारासाठी जी कुटुंबे गाडीने सुरतेकडे किंवा उसाच्या तोडीला जातात, त्यांनी कार्ड आणि औषध गाठोड्यात सर्वांत आधी ठेवावे. परगावच्या डॉक्टरला ते कार्ड दाखवले, की निम्मे काम झाले.

उपचाराच्या बाबतीत नवे काही घडते आहे, तेही ऐका. आईच्या पोटात असताना बालकाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. त्यात हा सहावा मणी नसतोच, म्हणून विळे बनत नाहीत. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचे बटन बंद होते. भारतातील बऱ्याच रुग्णांत हे बालपणीचे हिमोग्लोबिन मोठेपणीही थोडे अधिक टिकून राहते, आणि त्यामुळे पुष्कळांचा त्रास आफ्रिकेतील रुग्णांहून सौम्य असतो. सगळ्यांचाच असतो असे मात्र नाही. हायड्रॉक्सियुरियाही हेच हिमोग्लोबिन वाढवते. २०२३ च्या अखेरीस इंग्लंडने आणि अमेरिकेने एका नव्या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या अस्थिमज्जेतील पेशी बाहेर काढून, ते बटन जिथे असते तिथे पोथीचा धागा कातरतात. पेशीतले कीमन धावत येतात, धागा जोडतात. पण जोड अगदी पूर्वीसारखा येत नाही, आणि बटन निकामी होऊन बालपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागते. ज्या दुरुस्तीला हे अक्षर कधी दिसले नाही, तिच्याकडूनच माणसाने काम करवून घेतले! अमेरिकेत या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर ठेवण्यात आली. पाड्यावरच्या माणसाला तो आवाक्यात येईपर्यंत पाणी, गोळी, कार्ड आणि वेळेवरचा दवाखाना हाच आपला आधार आहे. आणि तो आधार लहान नाही.

शेवटी मनातली एक शंका उघड बोलतो. पुष्कळ माणसे तपासणीला भितात, ती सुईला नव्हे. त्यांना भीती असते, की उद्या आमच्या मुलीला कोणी करणार नाही, आमच्या जातीचे रक्तच वाईट म्हणतील. ही भीती निराधार नाही. ग्रीस देशात ओर्कोमेनोस नावाच्या गावी गेल्या शतकात अशीच तपासणी झाली. लोकांना नुसते वाहक कोण ते कळले. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे मनात उतरले नाही. मग वाहकांची लग्ने मोडू लागली, लोक खरे लपवू लागले, आणि ज्यासाठी तपासणी केली तो हेतूच फसला. आपल्या देशातही जन्मावरून माणसाला शिक्का मारण्याचा अनुभव ताजा आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि तो कायदा स्वतंत्र भारताने १९५२ साली रद्द केला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी असले शिक्के पाहिले, ते नव्या कार्डाकडे संशयाने पाहतील, तर त्यात नवल काय?

म्हणून हे काम नुसत्या सुईने होणार नाही. ते गुरुजींच्या, आशाताईच्या आणि पाड्यातल्या जाणत्या माणसांच्या बोलण्याने होईल. वर्गात एखाद्या मुलाचे कार्ड चारचौघांत वाचून दाखवू नका. ती गोष्ट त्याची आणि त्याच्या घरच्यांची आहे. वाहक मुलीच्या बापाला सांगा, तुमच्या मुलीत काही खोट नाही, फक्त जावयाचे कार्ड पाहून घ्या. आणि कोणी म्हणाले की यांचे रक्त वाईट, तर त्याला विचारा, तुझ्या पोथीतली साठसत्तर नवी अक्षरे तू वाचून पाहिलीस का?

या आठवड्यात एवढे करा, श्रोतेहो. आपल्या शाळेत, आपल्या पाड्यावर सारखे हातपाय दुखणारे आणि डोळे पिवळे असणारे मूल असेल, तर त्याला दटावण्याआधी आरोग्य केंद्रात घेऊन जा. त्याच्याबरोबर त्याच्या भावंडांनाही न्या. आणि जाताना त्याच्या हातात पाण्याची बाटली द्यायला विसरू नका.